सभासद हटवला आणि चौदा नोंदी बेवारस झाल्या : एसक्यूएलअल्केमीतील टेबलांच्या नात्यांविषयी

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार.

आमच्या गावातील दूध संस्थेसाठी मी गेले वर्षभर एक छोटी प्रणाली लिहीत आहे. सकाळ-संध्याकाळचे संकलन, फॅट आणि एसएनएफ (दुधातील स्निग्धांश सोडून उरणारे घन पदार्थ) यांवरून निघणारा दर, पशुखाद्याची व उचलीची कपात आणि दर दहा दिवसांचे बिल एवढाच तिचा आवाका आहे. भाषा पायथन, डेटाबेस पोस्टग्रेस आणि या दोहोंमध्ये एसक्यूएलअल्केमी या लायब्ररीची (ती टेबलांतील ओळी पायथनच्या वस्तू म्हणून हाताळू देते) २.० ही आवृत्ती आहे. कोड अर्थातच रोमन लिपीत आहे. येथे वाचायला सोपे जावे म्हणून सर्व नावे देवनागरीत देतो.

मागच्या बिलाच्या वेळी जे घडले ते आधी सांगतो. एका सभासदाची नोंद चुकून दोनदा झाली होती, एकदा ११७ क्रमांकावर आणि एकदा ३४२ वर. सचिवांनी जास्तीचे खाते समजून ११७ हटवले. प्रत्यक्षात सात दिवस दूध ११७ वरच जमा होत होते. हटवताना पडद्यावर कसलीही हरकत आली नाही, त्यामुळे कोणाला शंका येण्याचे कारणच नव्हते. दहाव्या दिवशी बिले काढली, तेव्हा वजनातील नेहमीचा किरकोळ फरक सोडल्यास संस्थेचे एकूण संकलन टँकरच्या पावत्यांशी जुळत होते. सभासदवार बेरीज मात्र ९६.५ लिटरने कमी भरत होती. माझ्या दोन रात्री दरपत्रकात चूक शोधण्यात गेल्या. शेवटी संकलनाचे टेबल थेट उघडून पाहिले, तेव्हा १४ ओळी सापडल्या. त्यांत तारीख, वेळ, लिटर, फॅट सर्व जागच्या जागी होते आणि सभासद_आयडी हा रकाना तेवढा रिकामा होता.

नंतर चाचणीच्या डेटाबेसवर तोच प्रकार पुन्हा करून पाहिला आणि एसक्यूएलअल्केमी डेटाबेसला नेमके काय पाठवते ते छापून घेतले. तेथे आधी या आशयाची आज्ञा दिसली:

अपडेट संकलन सेट सभासद_आयडी = नल व्हेअर संकलन.आयडी = ...

आणि तिच्या पाठोपाठ सभासदाची ओळ काढून टाकणारी डिलीटची आज्ञा. यांपैकी पहिली आज्ञा मी कोठेही लिहिलेली नाही. माझी व्याख्या एवढीच आहे:

क्लास सभासद :
    संकलने = रिलेशनशिप("संकलन", बॅकरेफ="सभासद")

क्लास संकलन :
    सभासद_आयडी = कॉलम(इंटिजर, फॉरेनकी("सभासद.आयडी"))

फॉरेन की असतानाही डेटाबेसने हे अडवले कसे नाही, हे मला कळत नाही. शिवाय फॉरेन की लिहिल्यावर रिलेशनशिप वेगळी का लिहावी लागते, हेही मला आजवर नीट उमगलेले नाही. उदाहरणांत दोन्ही लिहितात म्हणून मीही लिहितो. बिलांच्या यादीचा पडदा अलीकडे फार संथ झाला आहे, पण तो विषय बहुधा वेगळा असावा.

टेबलखुर्ची

तुमच्या दुसऱ्या प्रश्नात पहिल्याचे उत्तर दडलेले आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

फॉरेन की हा डेटाबेसमधील करार आहे. संकलनाच्या ओळीत सभासदाचा जो क्रमांक असेल तो सभासद टेबलात असलाच पाहिजे, एवढेच तो सांगतो. रिलेशनशिप ही मात्र केवळ पायथनच्या बाजूची सोय असून डेटाबेसला तिचा पत्ताही नसतो. तुम्ही सभासद.संकलने असे लिहिल्यावर कोणत्या रकान्यावरून ओळी शोधायच्या, सभासदाच्या यादीत नवी नोंद घातल्यावर तिच्यात कोणता क्रमांक भरायचा आणि सभासद हटवल्यावर त्या यादीचे काय करायचे, हे सर्व रिलेशनशिप ठरवते. यांतील तिसऱ्या गोष्टीने तुमचा घात केला आहे.

काहीही वेगळे सांगितले नसेल, तर पालक वस्तू (येथे सभासद) हटवताना एसक्यूएलअल्केमी तिच्या यादीतील मुले (येथे संकलनाच्या नोंदी) आधी मोकळी करते, म्हणजे त्यांच्या फॉरेन कीच्या रकान्यात नल भरते, आणि मगच पालकाची ओळ काढते. नल म्हणजे चुकीचा क्रमांक नव्हे. तेथे क्रमांकच नाही, त्यामुळे करार मोडत नाही आणि डेटाबेसला हरकत घेण्याचे कारण उरत नाही. गंमत अशी की, तुम्ही सभासदाच्या बाजूची यादी लिहिलीच नसती आणि संकलनाच्या बाजूने फक्त सभासदाकडे बोट दाखवले असते, तर एसक्यूएलअल्केमीने त्या १४ ओळींना हात लावला नसता, सरळ डिलीट पाठवले असते आणि पोस्टग्रेसने ते तिथल्या तिथे फेटाळले असते. बॅकरेफमुळे दोन्ही बाजू एकदम तयार झाल्या आणि तुमच्या लक्षात न येता हटवण्याचा नियमही लागू झाला.

आता हा नियम मुळातच वाईट आहे, असे मात्र समजू नका. तुमच्याच प्रणालीतील बिल आणि संकलन यांचे नाते पाहा. कच्चे बिल काढले, त्यात २० नोंदी जोडल्या, चूक लक्षात आली आणि बिल रद्द केले. अशा वेळी त्या २० नोंदी नष्ट होता कामा नयेत आणि बिल रद्द होण्याच्या आड त्यांनी येताही कामा नये. त्यांच्या बिल_आयडी रकान्यात नल भरला जावा आणि पुढच्या बिलासाठी त्या मोकळ्या व्हाव्यात. म्हणजे सभासदाच्या बाबतीत ज्या वर्तनाने अनर्थ केला, नेमके तेच वर्तन येथे हवे आहे.

बिल आणि कपात यांचे नाते तिसऱ्याच जातीचे आहे. बिलाशिवाय कपातीच्या ओळीला काही अर्थच नाही. बिल गेले की ती गेली पाहिजे, आणि बिलाच्या यादीतून ती काढली तरीही ती टेबलातून गेली पाहिजे. येथे रिलेशनशिपच्या कॅस्केड या घटकात (पालकावरील कृती मुलांपर्यंत पोहोचवण्याचा नियम) "ऑल, डिलीट-ऑर्फन" लिहावे.

आणि सभासद व संकलन यांत मालकी नाही, नुसती ओळख नाही, तर पुरावा आहे. दूध आले होते याची ती नोंद आहे. जोवर एकही नोंद आहे तोवर सभासद हटता कामा नये. त्यासाठी तीन बदल करा. रकाना मॅप्ड[इंट] या नव्या पद्धतीने लिहा. त्यामुळे तो आपोआप नॉट नल होतो. जुन्या कॉलमच्या पद्धतीत मुद्दाम सांगितले नाही, तर नल चालते असे धरले जाते आणि तुमची चूक तेथेच शिरली आहे. दुसरे, सभासदाच्या बाजूच्या रिलेशनशिपवर पॅसिव्ह_डिलीट्स="ऑल" द्या, म्हणजे एसक्यूएलअल्केमी नल भरण्याच्या फंदात पडत नाही आणि निर्णय डेटाबेसवर सोपवते. तिसरे, बॅकरेफऐवजी दोन्ही वर्गांत रिलेशनशिप उघडपणे लिहून ती बॅक_पॉप्युलेट्सने जोडा. कोणत्या बाजूला कोणता नियम आहे ते मग दोन्ही वर्गांत डोळ्यांना दिसते.

एक इशारा. हाच प्रश्न जालावर शोधलात, तर दहापैकी बरेच जण तुम्हाला सरसकट "ऑल, डिलीट-ऑर्फन" लावायला सांगतील. ते लावले असते, तर ते १४ दिवसांचे नव्हे पण १४ वेळचे दूध नोंदींसकट नाहीसे झाले असते. बेवारस नोंदी निदान सापडल्या तरी.

कृष्णाकाठ

फार उपयोग झाला, धन्यवाद. व्याख्या बदलली, प्रणाली पुन्हा सुरू केली. तरीही रकान्यात नल बसतोच आहे. मॅप्ड[इंट] लिहिल्यावर असे व्हायला नको ना?

टेबलखुर्ची

वर्गाची व्याख्या बदलल्याने आधीपासून असलेले टेबल बदलत नाही. क्रिएट_ऑल ही आज्ञाही नसलेली टेबले तेवढी तयार करते, असलेल्यांना हात लावत नाही. अलेम्बिक या साधनाने स्थलांतराची (टेबलांची रचना बदलण्याची) फाइल तयार करा, आणि ती चालवण्यापूर्वी त्या १४ ओळींना योग्य सभासद जोडा. रकान्यात एकही नल शिल्लक असेल, तर पोस्टग्रेस नॉट नलचे बंधन स्वीकारणार नाही.

मावळतीचा_वारा

मी जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये काम करतो, म्हणून तुलनेसाठी एक मुद्दा मांडतो. जँगोत फॉरेन की लिहितानाच ऑन_डिलीट सांगावे लागते. पूर्वी ते ऐच्छिक होते आणि काही न लिहिल्यास कॅस्केड धरले जाई. डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून ते सक्तीचे झाले. नवशिक्यांना ही सक्ती जाचक वाटते, पण प्रत्येक नात्यापाशी क्षणभर थांबून "हटवल्यावर काय" याचे उत्तर द्यावे लागते, हा तिचा फायदा आहे. धागाकर्त्यांच्या बाबतीत तेथे प्रोटेक्ट (नोंदी जोडलेल्या असतील तर हटवू देऊ नका) लिहिले असते, तर विषय तेथेच संपला असता.

अर्थात मॉडेलवर लिहिलेले प्रोटेक्ट किंवा कॅस्केड जँगो स्वतः पायथनमध्ये अमलात आणते. कोणी थेट डेटाबेसमध्ये शिरून डिलीट चालवले, तर हे नियम तेथे नसतात. उरते ती फक्त फॉरेन कीची अट.

टेबलखुर्ची

सहमत. एसक्यूएलअल्केमीतही याच्यासारखी एक खाच आहे. सेशन.डिलीट(वस्तू) असे लिहिले तर रिलेशनशिपवरचे नियम पाळले जातात. अनेक ओळी एकदम काढण्यासाठी डिलीटचे विधान रचून चालवले, तर कॅस्केडचा विचार होत नाही. कपातीच्या फॉरेन कीवर डेटाबेसच्या पातळीवरही ऑनडिलीट="कॅस्केड" लिहून ठेवावे, म्हणजे कोणत्याही वाटेने आलात तरी निकाल सारखाच लागतो.

साधे_एसक्यूएल

चर्चा वाचून करमणूक झाली. चार टेबलांच्या प्रणालीसाठी कॅस्केड, बॅकरेफ, पॅसिव्ह असा एवढा शब्दसंग्रह पाठ करावा लागत असेल, तर ती सोय आहे की अडचण, याचा विचार धागाकर्त्यांनी करावा. सभासद हटवण्यासाठी मी एक ओळीचे डिलीट लिहिले असते आणि पोस्टग्रेसने मला पहिल्याच फटक्यात अडवले असते. बिलाचा पडदा संथ का आहे, हेही न पाहता सांगतो: प्रत्येक सभासदामागे डेटाबेसकडे एक क्वेरी (विचारणा) जात असणार. सभासद, संकलन आणि कपात ही टेबले जोडून, सभासदागणिक गट पाडून लिटरची बेरीज घ्या. एका क्वेरीत काम होईल.

टेबलखुर्ची

क्वेरींबद्दलचा तुमचा अंदाज बरोबर आहे. सुचवलेला उपाय मात्र धोक्याचा आहे. तो नेमका कोठे फसतो ते दाखवतो, कारण याच ठिकाणी अनेकांची बिले चुकतात.

संस्थेचे ४०० सभासद धरू. दहा दिवस, दिवसातून दोन वेळा, म्हणजे प्रत्येकाच्या २० संकलन नोंदी. प्रत्येक बिलात सरासरी ३ कपाती धरू: पशुखाद्य, उचलीचा हप्ता आणि आणखी एखादी. आता संकलन आणि कपात ही दोन्ही टेबले एकाच जॉइनमध्ये बिलाला जोडली, की प्रत्येक संकलनाची ओळ प्रत्येक कपातीबरोबर एकदा येते. एका बिलामागे २० गुणिले ३ म्हणजे ६० ओळी तयार होतात आणि लिटरची बेरीज घेतली की दूध तिप्पट भरते. कपातीही वीसपट होतात. ज्याच्या बिलात एकच कपात आहे त्याचे दूध बरोबर येते, त्यामुळे दोन-चार बिले तपासून पाहणाऱ्याला चूक दिसेलच असे नाही. हाताने एसक्यूएल लिहायचे असेल, तर दोन्ही बेरजा स्वतंत्र उपक्वेरींत आधी घ्याव्यात आणि मग जोडाव्यात.

आता ओआरएमच्या, म्हणजे एसक्यूएलअल्केमीसारख्या लायब्ररीच्या, बाजूने पाहू. धागाकर्ते बिलांची यादी मागवतात आणि पडद्याच्या साच्यात बिल.सभासद, बिल.संकलने व बिल.कपाती असे लिहितात. ही तिन्ही नाती मूळ सेटिंगनुसार आळशी आहेत, म्हणजे हात लावेपर्यंत ओळी आणत नाहीत. यादीची १ क्वेरी आणि प्रत्येक बिलामागे ३, अशा एकूण १,२०१ क्वेरी होतात. प्रत्येक क्वेरी क्षणार्धातच होते. ये-जाच १,२०१ वेळा होते.

यावर दोन मुख्य उपाय आहेत. जॉइन्डलोड हा मूळ क्वेरीतच जॉइन घालतो. बिल.सभासद या नात्याला तो योग्य आहे, कारण एका बिलाला एकच सभासद असल्याने ओळी वाढत नाहीत. तोच संकलने आणि कपाती या दोन्ही याद्यांना लावला, तर वर सांगितलेला गुणाकार येथेही होतो. एसक्यूएलअल्केमी पुनरावृत्त ओळींतून वस्तू एकेकदाच घडवते, त्यामुळे बेरीज चुकत नाही. पण ४०० बिलांसाठी २४,००० ओळी तारेवरून येतात. शिवाय यादीवर जॉइन्डलोड लावल्यास २.० मध्ये निकालावर युनिक() लावावे लागते. ते विसरल्यास त्रुटी येते.

याद्यांसाठी सिलेक्टइनलोड वापरा. तो बिलांच्या आयडी गोळा करून संकलनासाठी एक आणि कपातीसाठी एक अशी वेगळी क्वेरी पाठवतो. एका क्वेरीत तो ५०० पर्यंत आयडी घेतो, म्हणजे ४०० बिलांना प्रत्येक यादीसाठी एकच क्वेरी पुरते. सभासदासाठी जॉइन्डलोड, दोन्ही याद्यांसाठी सिलेक्टइनलोड, एकूण क्वेरी ३. बिले १,२०० झाली, तर प्रत्येक यादीसाठी ३ क्वेरी होतील, तरीही एकूण ७ च.

मात्र साधे_एसक्यूएल यांच्या म्हणण्यातील एक भाग मी मनापासून मान्य करतो. यादीच्या पडद्यावर फक्त लिटर आणि रक्कम दाखवायची असेल, तर ८,००० संकलन वस्तू घडवण्याचे काहीच कारण नाही. तेथे बेरजेची क्वेरीच लिहावी, आणि ती एसक्यूएलअल्केमीतही लिहिता येते. वस्तू हव्यात त्या एकेका बिलाची छापील प्रत काढताना, जेथे प्रत्येक वेळचे लिटर, फॅट आणि दर ओळीने दाखवावे लागतात.

आणि संकलनाच्या सभासद_आयडी व बिल_आयडी या रकान्यांवर इंडेक्स (ओळी लवकर शोधण्याची सूची) आहे का, ते पाहा. मायएसक्यूएलचे इनोडीबी फॉरेन कीसाठी इंडेक्स स्वतः तयार करते, जँगोही तयार करते. पोस्टग्रेस करत नाही आणि एसक्यूएलअल्केमीही मागितल्याशिवाय करत नाही.

साधे_एसक्यूएल

तिप्पट दुधाचा मुद्दा मान्य. मी उपक्वेरीच लिहितो, येथे घाईत संक्षेप केला.

कृष्णाकाठ

इंडेक्स नव्हता. तो घातला आणि सिलेक्टइनलोड लावला. पडदा आता लगेच उघडतो. यादीच्या पडद्यासाठी बेरजेची क्वेरीही वेगळी लिहिली.

आता नवीन अडचण. उचलीला संस्था जामीनदार मागते आणि जामीनदार हाही संस्थेचाच सभासद असावा लागतो. म्हणून उचल या टेबलात सभासद_आयडी आणि जामीनदार_आयडी असे दोन रकाने ठेवले आणि दोन्ही सभासद टेबलाला जोडले. तेव्हापासून प्रणाली सुरूच होत नाही. अँबिग्युअसफॉरेनकीज अशी त्रुटी येते. शिवाय मोठ्या उचलीला दोन जामीनदार घ्यावेत असे संचालक मंडळाच्या मनात आहे.

अनुस्वार

त्रुटीचे म्हणणे रास्त आहे. उचल.सभासद असे लिहिल्यावर उचल घेणारा समजायचा की जामीन राहणारा, हे लायब्ररीला कसे कळावे? एकच फॉरेन की असते तेव्हा ती आपण होऊन जोडणी ओळखते. दोन वाटा असल्या, की तर्क न करता थांबते, आणि ते योग्यच आहे.

प्रत्येक रिलेशनशिपला फॉरेन_कीज हा घटक देऊन वाट सांगा. उचल वर्गात घेणाऱ्यासाठी सभासद_आयडी आणि जामीनदारासाठी जामीनदार_आयडी. सभासदाच्या बाजूलाही दोन वेगळ्या याद्या लागतील, घेतलेल्या_उचली आणि जामीन_राहिलेल्या_उचली, आणि त्यांनाही तीच फॉरेन_कीज द्यावी लागेल. ही दुसरी बाजू लोक विसरतात आणि त्रुटी गेली नाही म्हणून पहिली बाजू खोडत बसतात. सभासद वर्ग लिहिला जाताना उचल हा वर्ग अस्तित्वात नसतो, म्हणून तेथे "उचल.सभासद_आयडी" असे अवतरणचिन्हांत लिहावे, सर्व वर्ग तयार झाल्यावर त्याचा अर्थ लावला जातो. मात्र वर्ग वेगवेगळ्या फाइलींत असतील, तर पहिली क्वेरी जाण्यापूर्वी त्या सर्व फाइली इम्पोर्ट झालेल्या असाव्यात. नाहीतर ते नाव सापडत नाही अशी तक्रार येईल.

दोन जामीनदारांची शक्यता असेल, तर मी जामीनदार_आयडी हा रकाना आजच काढून टाकेन. जामीनदार_२_आयडी असा रकाना वाढवण्याचा मोह होईल, पण पुढे कोणी तिसरा मागितला की तोच खेळ पुन्हा सुरू होईल. उचल आणि सभासद यांच्यामध्ये जामीन हे स्वतंत्र टेबल करा. त्यात उचल_आयडी, सभासद_आयडी आणि सही केल्याची तारीख ठेवा. जोडटेबलात दोन आयडींखेरीज काही नसते, तेव्हा ते सेकंडरी म्हणून देऊन भागते आणि त्याच्यासाठी वर्ग लिहावा लागत नाही. येथे तारीख आहे, उद्या जामीन मुक्त केल्याची तारीखही येईल, म्हणून जामीन हा पुरता वर्ग असू द्या: उचल.जामीने ही यादी आणि प्रत्येक जामीन.सभासद. एकच टेबल वर्ग म्हणूनही आणि सेकंडरी म्हणूनही वापरायचे झाले, तर सेकंडरीचे नाते व्ह्यूओन्ली (फक्त वाचण्यापुरते) करून ठेवा. अन्यथा एकच ओळ दोन वाटांनी लिहिली जाऊ शकते, आणि १.४ पासून लायब्ररी त्याबद्दल इशारा देते. ओव्हरलॅप्स हा घटक घालून तो इशारा गप्प करता येतो, पण कारण समजल्याशिवाय तसे करू नये.

थोडे अवांतर: रिलेशनल डेटाबेस यातील रिलेशन हा शब्द टेबलांमधल्या नात्यासाठी नाही. एडगर कॉड यांच्या १९७० च्या शोधनिबंधात रिलेशन म्हणजे ओळींचा संच, म्हणजे ज्याला आपण टेबल म्हणतो तेच. वस्तूंमधील नात्याला रिलेशनशिप म्हणण्याची रीत पीटर चेन यांच्या १९७६ च्या मांडणीमुळे रुळली. मराठीत दोन्हींना संबंध म्हटले, की वर्गात शिकवताना जो गोंधळ उडतो तो मी अनेकदा पाहिला आहे.

मावळतीचा_वारा

सभासद वारल्यावर खाते वारसाच्या नावे होते, त्याची नोंद कोठे ठेवता? सभासद टेबलातच मूळ_सभासद_आयडी हा रकाना असेल, तर ते टेबलाचे स्वतःशीच नाते होईल.

अनुस्वार

चांगली आठवण केली. अशा नात्यात लायब्ररी काही न सांगितल्यास एकाकडून अनेकांकडे अशी दिशा धरते. वारसाकडून मूळ सभासदाकडे एकाच वस्तूवर जायचे असेल, तर त्या बाजूला रिमोट_साइड म्हणून आयडी हा रकाना सांगावा लागतो. आणि येथे नल चालला पाहिजे, कारण बहुतेक सभासद कोणाचेच वारस म्हणून आलेले नसतात, म्हणून मॅप्ड[ऑप्शनल[इंट]].

कृष्णाकाठ

जामीनचे टेबल केले, वारसाचा रकानाही घातला. सभासदाच्या पडद्यावरील "हटवा" हे बटण काढून "निष्क्रिय करा" असे ठेवले आहे.

एक गोष्ट अजून खटकते. नोंदी असलेला सभासद हटवता येऊ नये, अशी चाचणी मी लिहिली. पोस्टग्रेसवर सभासद हटत नाही, हे हाताने करून पाहिले आहे. चाचण्या मात्र वेगासाठी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर चालतात आणि तेथे सभासद बिनतक्रार हटतो. संकलनाच्या ओळीत नसलेल्या सभासदाचा क्रमांक तसाच राहतो.

टेबलखुर्ची

एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची अंमलबजावणी मुळात बंद असते आणि ती प्रत्येक कनेक्शनवर वेगळी सुरू करावी लागते. इंजिनच्या कनेक्ट या घटनेला एक छोटे फंक्शन जोडून त्यात प्राग्मा फॉरेन_कीज = ऑन ही आज्ञा चालवा. आतापर्यंत नल भरला जात असल्याने हे उघडकीस आले नव्हते; पॅसिव्ह_डिलीट्स="ऑल" लावल्यावर सगळी भिस्त डेटाबेसवर आली आणि एसक्यूलाइट पहाऱ्यावर नव्हताच, हे दिसले. जमल्यास चाचण्याही पोस्टग्रेसवरच चालवा.

कृष्णाकाठ

प्राग्मा सुरू केल्याबरोबर ती चाचणी उत्तीर्ण झाली आणि आधी उत्तीर्ण होणाऱ्या तीन चाचण्या फसल्या. त्यांतील एकीत मी स्वतःच अस्तित्वात नसलेल्या बिलाला कपात जोडत होतो. उरलेल्या दोन चाचण्यांत सभासद तयार करण्याआधीच संकलन भरले जात होते. तिन्ही दुरुस्त केल्या आहेत.

त्या १४ नोंदी सचिवांसमोर बसून, हस्तलिखित रजिस्टरशी एकेक ओळ ताडून ३४२ वर घेतल्या. ९६.५ लिटरचे पुरवणी बिल काल निघाले.